विचारा तर खरं : फोनमध्ये डोकं घालायचंच, तर कशासाठी?

या सदरात वाचकांना उत्तरं देणाऱ्या आमच्या स्तंभलेखिका नाशिकच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्या आहेत. या वेळी बहुतेक पत्रांचा विषय एकच होता : नेटवर ऐकण्यासारखं, वाचण्यासारखं शोधायचं कसं?

प्रश्न : मी नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालो. पूर्वी मे महिन्यात वडिलांबरोबर गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला जायचो. घरी येईपर्यंत आमचे वाद चालायचे. आता गुडघ्यांमुळे घाट उतरणं होत नाही. मुलाने स्मार्ट टीव्ही घेऊन दिलाय, वायफाय आहे. दिवसभर काही ना काही लावलेलं असतं : ‘यशाची सात सूत्रं’, ‘पहाटे चारला उठा’, कुणाची तरी मुलाखत. रात्री बायको विचारते, आज काय ऐकलंत? मला सांगता येत नाही. डोक्याला चालना देणारी भाषणं, लेख नेटवर मिळतात का? इंग्रजी वाचता येतं, कानाला मात्र झेपत नाही.
– एक निवृत्त कर्मचारी, जेल रोड

उत्तर : वहिनींचा प्रश्न बंद पडू देऊ नका. रोज रात्री त्यांनी विचारायचं आणि तुम्ही सांगायचं, एवढं जरी ठेवलंत तरी ती सात सूत्रं आपोआप गळतील. सांगताना तुमचं तुम्हालाच हसू येईल.

आता कुठे मिळतं ते. घाटावर, यशवंतराव महाराज पटांगणावर तुम्ही जाऊन बसायचात तेव्हा वक्ता निवडायचं काम आधीच कुणीतरी केलेलं असायचं. याला बोलवू, त्याला नको, गेल्या वर्षी इतिहास झाला, यंदा अर्थकारण घेऊ, अशी डोकेफोड झालेली असायची. न आवडणारा विषयही कानावर पडायचा, कारण मधेच उठून जायचं तर अंधारात चपला शोधाव्या लागायच्या. यूट्यूबवर निवड यंत्र करतं. तुम्ही काल काय पाहिलंत आणि किती वेळ पाहिलंत, हे ते बघत असतं. सात सूत्रं शेवटपर्यंत ऐकलीत की ते आठवं घेऊन हजर.

म्हणून पहिलं काम मुलाकडून करून घ्या. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘वॉच हिस्ट्री’ बंद करायची आणि जुनी पुसून टाकायची. २०२३ पासून असं केलं की पहिलं पान जवळजवळ कोरं दिसतं, शोधायची चौकट तेवढी राहते. ‘ऑटोप्ले’ही बंद करायचा, म्हणजे एक संपलं की दुसरं न विचारता सुरू होणार नाही.

त्या कोऱ्या पानासमोर बसलात की कळेल, काय शोधायचं तेच सुचत नाही. सगळ्यांचं तसंच होतं. मी काउंटरला असताना ‘मॅडम, काहीतरी चांगलं द्या’ म्हणणारे रोज यायचे. कशाबद्दल, असं विचारलं की गाडी अडायची. मग मीच त्यांची उलटतपासणी घ्यायचे : राहता कुठे, काम काय करता, अलीकडे कशाचं नवल वाटलं? पुस्तक त्यातून निघायचं. ‘काहीतरी चांगलं’ या नावाचं कपाट आमच्याकडे नव्हतं. नेटवरही नाही.

तुम्ही प्रेसमधले. जन्मभर चलन पाहिलंत. मग चलनापासूनच सुरुवात करू.

सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी नावाचं गाव आहे. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक नाणी. सगळी क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची. पण त्यातल्या दोनतृतीयांशांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. खाली नहपानाचा चेहरा, त्याच्यावर सातवाहनांचा तीन कमानींचा डोंगर. दुसऱ्या बाजूला ते चार गोळ्यांचं उज्जैन चिन्ह. जुनं चलन माघारी घेऊन नवं काढायचं म्हणजे काय खटाटोप असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. इथे राजाने चांदी वितळवलीसुद्धा नाही. का बरं? घाई होती? खर्च नको होता? की खालचा चेहरा लोकांना दिसत राहावा, असंच त्याच्या मनात होतं? असा एखादा प्रश्न घेऊन बसा, मग चौकटीत काय लिहायचं ते आपोआप सुचतं.

आता माग कसा काढायचा ते एकदा पुरतं दाखवते, म्हणजे पुढे तुमचं तुम्हाला जमेल. पहिल्यांदा मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून उभा केलेला हा ग्रंथ आता अख्खा नेटवर फुकट आहे, आणि लोक तिकडे फिरकत नाहीत याचं मला भारी वाईट वाटतं. तिथे ‘नहपान’ आणि ‘सातवाहन’ बघायचं. त्यातून लेण्यांचा धागा हाती लागतो. आपली पांडवलेणी तुम्ही कितीदा चढला असाल. तिथल्या तीन नंबरच्या लेण्यात व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर ब्राह्मीत मोठा लेख आहे. गौतमीपुत्राच्या आईने, गौतमी बलश्रीने, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात तो कोरवून घेतला. तिथले लेख एमिल सेनार या फ्रेंच पंडिताने ‘एपिग्राफिया इंडिका’ या कोरीव लेखांच्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडात छापले. तो खंड ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या नेटवरच्या फुकट ग्रंथालयात आहे. नाव इंग्रजी अक्षरांत टाका, खंडाचा आकडा टाका आणि आतल्या शोधात ‘नासिक’ लिहा. त्या लेखात मुलाची ओळख करून देताना आई म्हणते, ‘खखरातवसनिरवसेसकरस’, म्हणजे क्षहरातांचा वंश निःशेष करणाऱ्याचा. आईच ती, मुलाची थोरवी सांगणारच! पण जोगलटेंभीच्या मातीतून निघालेली नाणी तिच्या बोलण्याला दुजोरा देतात. भिंतीवर एक साक्ष आणि जमिनीखाली दुसरी. मला तर त्या रात्री झोप लागेना.

एवढं झाल्यावर यूट्यूबवर ‘सातवाहन नाणी व्याख्यान’ असं शोधा आणि फिल्टरमध्ये वीस मिनिटांहून मोठे व्हिडिओ निवडा. ही चाळणी लावली की बराचसा कोंडा उडून जातो. आता तुम्ही कोऱ्या डोक्याने ऐकणार नाही. वक्त्याने नाण्यांचा विषय निघूनही जोगलटेंभीचं नाव घेतलं नाही, तर तुम्ही टीव्हीसमोर बसूनच त्याला हटकाल. वडिलांशी घरी येताना व्हायचे ते वाद याच जातीचे होते. आणि गुडघ्यांनी परवानगी दिली तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय मुलाबरोबर गाडीने जाऊन बघून या.

एक सवय मात्र लावून घ्या. व्याख्यानात वक्ता मधेच कुणाचं तरी नाव घेतो : पुस्तकाचं, माणसाचं, गावाचं. ते लगेच वहीत उतरवायचं. पुढच्या वेळी त्या नावाचा शोध. आज बघायचं काय, हे यंत्राला विचारायची वेळच येत नाही, वही सांगते. माझी वही म्हणजे दुधाच्या हिशेबाच्या डायरीची मागची पानं आहेत. मुलगी म्हणते, आई, त्याला अॅप असतं. असू दे.

इंग्रजीचं म्हणाल तर, वाचता येतं ना, मग अर्धी लढाई जिंकलीत. लंडनचं ग्रेशम कॉलेज १५९७ पासून लोकांसाठी फुकट व्याख्यानं ठेवतं. तिथे पदवी नाही, परीक्षा नाही, कुणीही जाऊन बसावं. गोदाघाटासारखंच, फक्त नदी वेगळी. त्यांची व्याख्यानं नेटवर आहेत आणि कित्येकांचा लिखित मजकूरही सोबत असतो. आधी मजकूर वाचायचा, मग वेग पाऊण करून ऐकायचं. गणित, कायदा, रोगराई, संगीत, ज्योतिर्विज्ञान, काय हवं ते घ्या.

आणि मराठीत काहीतरी असं हवं असेल की वहिनीही टीव्हीसमोर येऊन बसतील, तर ‘पारी’ उघडा. पत्रकार पी. साईनाथांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं ग्रामीण भारताचं हे संग्रहालय मराठीतही वाचता येतं. २०१८ च्या मार्चमध्ये आपल्या सीबीएस चौकातून शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईला पायी निघाला होता, त्याचे वृत्तान्त तिथे आहेत. पण त्याहूनही, तिथल्या जात्यावरच्या ओव्या ऐका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि त्यातल्या कितीतरी तिथे गाताना ऐकू येतात, शब्द शेजारी लिहिलेले असतात. नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, दुष्काळाबद्दल, आंबेडकरांबद्दल त्या बाया जे बोलल्यात, तसं रोखठोक बोलणारा वक्ता मला तरी व्यासपीठावर क्वचित दिसला.

प्रश्न : ताई, माझी मुलगी सातवीत आहे. परवा कांदा चिरताना मला म्हणाली, आई, कांद्याने रडू का येतं? मला सांगता येईना. फोनवर शोधलं तर अर्धं हिंदीत आणि उरलेल्या जाहिराती. तोवर ती शॉर्ट्स बघायला लागली आणि प्रश्न विसरून गेली. तिच्या वयाला साजेसं, उत्सुकता वाढेल असं काय दाखवू?
– एक आई, इंदिरानगर

उत्तर : ताई, प्रश्न विसरली नसेल, उत्तर यायला उशीर झाला म्हणून निघून गेली. आणि लासलगावच्या जिल्ह्यात राहून कांद्याचा प्रश्न सोडून द्यायचा म्हणजे काय!

आधी शोधायची अडचण. देवनागरीत लिहिलं की गुगल हिंदीकडे झुकतं, कारण पुष्कळ शब्द दोन्हीकडे सारखेच. त्यावर माझा एक साधा उपाय आहे. जो शब्द फक्त मराठीतच येतो तो शोधात घालायचा आणि त्याला अवतरणचिन्हं लावायची : ‘डोळ्यांत’, ‘आहे’, ‘म्हणजे’. कांदा डोळ्यांत पाणी “म्हणजे”, असं वेडंवाकडं लिहिलं तरी चालतं. गुगल तुमचं शुद्धलेखन तपासत नाही. हिंदी पानं बरीच कमी होतात.

आता कांदा. कांदा अख्खा असताना त्यातली गंधकयुक्त संयुगं आणि विकरं (एन्झाइम) पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. विळी फिरली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि त्यातून एक वायू निघतो. तो डोळ्यांपर्यंत पोचला की डोळा स्वतःला धुऊन काढायला पाणी सोडतो. बरीच वर्षं शास्त्रज्ञ समजत होते की हे सगळं एकाच विकराचं काम. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिलं की रडवण्यासाठी कांद्यात दुसरं, खास त्याच कामाचं विकर असतं. या शोधाला २०१३ मध्ये रसायनशास्त्राचं इग नोबेल मिळालं.

इथून पुढचं तिला स्वतःला शोधू द्या, कारण इग नोबेल हा प्रकार सातवीतल्या पोरांसाठीच काढल्यासारखा आहे. १९९१ पासून हे बक्षीस दरवर्षी दिलं जातं, आणि ज्या संशोधनावर आधी हसू येतं आणि मग विचार करावासा वाटतो त्यालाच ते मिळतं. समारंभाचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. त्यात एक गंमत असते : मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी आपला विषय आधी चोवीस सेकंदांत सांगायचा आणि मग फक्त सात शब्दांत. तिला म्हणावं, कांद्याचं तू सात शब्दांत सांग. वडिलांनाही सांगायला लावा. शॉर्ट्सचा जमाना आहे ना, मग शॉर्ट तिनेच करावा.

आणि हाताने काहीतरी करायला द्या, नुसतं बघून पोरांचं समाधान होत नाही. एक कांदा तासभर फ्रीजमध्ये ठेवा, दुसरा ओट्यावर. दोन्ही एकाच विळीवर, एकाच बाईने चिरायचे. थंडीत विकराचं काम मंदावतं. फरक पडतो का ते तिने लिहून ठेवायचं. मग लसूण घ्या. तोही कांद्याच्याच भावकीतला, वासाला उग्र, पण लसूण सोलता सोलता कुणी ढसाढसा रडलंय? का नाही? हे उत्तर मी मुद्दामच देत नाही.

अरविंद गुप्तांची साईट तुम्हाला माहीत नसेल तर आजच उघडा. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून विज्ञान शिकवणारा हा माणूस. हजारो पुस्तकं तिथे फुकट आहेत, मराठीही भरपूर, आणि खेळण्यांचे छोटे व्हिडिओ मराठीतही ऐकायला मिळतात. सुट्टीत पोरगी आगपेट्या, स्ट्रॉ आणि सायकलची जुनी ट्यूब मागायला लागली की समजा, गाडी रुळावर आली. घरात पसारा होणार, एवढी तयारी ठेवा.

एक गोष्ट तिला आवर्जून सांगा. डॉ. जयंत नारळीकर आपल्याकडे २०२१ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, तब्येतीमुळे नाशिकला येऊ शकले नव्हते. मुलं त्यांच्याकडे सही मागायला गेली की ते म्हणत, सही नाही, मला पोस्टकार्डावर एखादा प्रश्न विचारून पाठवा, उत्तराखाली माझी सही येईल. आणि खरोखर उत्तरं पाठवत. त्यांची मराठी भाषणं यूट्यूबवर आहेत. सातवीच्या मुलीला त्यातली बरीचशी समजतील, कारण अवघड शब्दाआड लपायची त्यांना सवय नव्हती. आता पत्र लिहायला ते नाहीत. पण प्रश्न पोस्टकार्डावर मावेल एवढा नेमका करायचा, ही कसरत घरच्या घरीही करता येते. तिच्या प्रश्नाची एक ओळ करून मगच फोन तिच्या हातात द्या.

प्रश्न : मॅडम, मी अंबड एमआयडीसीत क्वालिटीमध्ये आहे. जाता-येता कंपनीच्या बसमध्ये ‘टेड’ची भाषणं ऐकतो. अठरा मिनिटांत खूप काही कळल्यासारखं वाटतं. मुलाखतीला जाण्याआधी दोन मिनिटं छाती काढून, हात कमरेवर ठेवून उभं राहायचं, हेही मी त्यातूनच शिकलो आणि करतो. परवा एक मित्र म्हणाला, ते सगळं खोटं निघालंय. मग कुणावर विश्वास ठेवायचा?
– एक इंजिनीअर, सिडको

उत्तर : तुझं वय माझ्या भाच्याएवढं असावं, तेव्हा ‘तू’च म्हणते.

‘खोटं निघालंय’ हेही त्या भाषणाइतकंच झटपट विधान आहे. तू क्वालिटीतला माणूस. लॉट समोर आला की सॅम्पल किती घेतलं, कुणी मोजलं, दुसऱ्या शिफ्टला पुन्हा मोजलं का, हे विचारायला तुला कुणी शिकवायला नको. तेच इथे विचार.

ते भाषण मानसशास्त्रज्ञ एमी कडी यांचं, २०१२ चं. त्याच्या मुळाशी २०१० चा एक शोधनिबंध आहे. त्यात एकूण ४२ जण होते. ऐटदार उभं राहिल्याने माणसाला जोर आल्यासारखं वाटतं, आणि शरीरातली हार्मोन्सही बदलतात, असा त्याचा निष्कर्ष. २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी २०० जणांवर तोच प्रयोग करून पाहिला. जोर आल्यासारखं वाटतं, एवढं त्यांनाही दिसलं. हार्मोन्सचा बदल मात्र दिसला नाही. २०१६ मध्ये मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनी जाहीर लिहिलं की या परिणामावर आपला आता विश्वास नाही. कडी मात्र आपली बाजू मांडत राहिल्या. आता तुझा मित्र बरोबर की तू? मुलाखतीआधी उभं राहून बरं वाटत असेल तर खुशाल उभा राहा, कुणाचं काही जात नाही. पण ‘शास्त्राने सिद्ध झालंय’ असं ज्युनिअर पोरांना सांगत फिरू नकोस.

टेडवर माझा राग नाही. १९८४ ला सुरू झालेली परिषद, २००६ पासून त्यांनी भाषणं नेटवर फुकट टाकली, जगभरच्या हौशी लोकांनी सबटायटल केली, मराठीतही केली. चांगलंच काम आहे. पण अठरा मिनिटांत काय बसतं, हे बघ. गोष्ट बसते, एक दणका बसतो, शेवटच्या टाळ्या बसतात. ‘पण’ बसत नाही. कुणाला हे पटलं नाही, प्रयोग कुठे फसला, हे सगळं कापलं जातं. शिवाय टेडच्या नावापुढे एक्स दिसला तर तो कार्यक्रम त्या त्या गावच्या लोकांनी परवाना घेऊन स्वतः भरवलेला असतो. त्यात उत्तम भाषणं असतात आणि नुसती हवाही असते.

म्हणून भाषण आवडलं की बस उतरायच्या आत एक काम कर. वक्त्याचं नाव आणि त्याचा दावा, एवढंच लिहून पुढे इंग्रजीत ‘क्रिटिसिझम’ (टीका) किंवा ‘रेप्लिकेशन’ (पुन्हा केलेला प्रयोग) हा शब्द टाक. काहीच निघालं नाही तरी चालेल. निघालं तर ते भाषणापेक्षा जास्त रंगतदार असतं, असा माझा अनुभव.

दावा तपासायचा म्हणजे काय, याचा एक नमुना आपल्याच मातीतला आहे. पुन्हा नारळीकरच, त्याला माझा इलाज नाही. त्यांनी आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्माच्या नोंदी घेऊन कुंडल्या केल्या. ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं : कुंडली बघून सांगा, मूल यातलं कोणतं? प्रत्येकाला चाळीस कुंडल्या. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आलेल्या उत्तरांचं प्रमाण ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तरी यापेक्षा वाईट झालं नसतं. २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ नियतकालिकात ते छापून आलं आणि नेटवर फुकट वाचता येतं. दोन-चार पानांचा मजकूर, भाषा सोपी. बसमध्ये सातपूरला गाडी तुंबली की वाचून होईल. आपल्या शेजारी त्र्यंबकेश्वर आणि गल्लोगल्ली पत्रिका बघणारे. त्यामुळे हा निबंध जेवायच्या वेळी घरात वाचून दाखवायचा की नाही, ते तुझं तू ठरव.

मला त्यातलं उत्तर जेवढं आवडतं, त्याहून जास्त प्रयोगाची रचना आवडते. कुंडल्या कुणाच्या हे ज्योतिषांना माहीत नव्हतं, मोजायचं कसं ते आधीच ठरलं होतं. तुमच्याकडे इन्स्पेक्शनला याहून वेगळं काय करतात?

प्रश्न : पेठ तालुक्यात आश्रमशाळेवर शिक्षिका आहे. रेंज कधी येते, कधी नाही. मुलांना दाखवायला काही आधीच उतरवून ठेवता येईल का?
– एक शिक्षिका

उत्तर : येईल. नाशिकला याल तेव्हा वायफायवर ‘किविक्स’ नावाचं अॅप घ्या. त्यात अख्खा मराठी विकिपीडिया फोनमध्ये उतरवता येतो आणि मग रेंज नसतानाही चालतो. मुलांना स्वतः शोधायची सवय लागते, हा मोठा फायदा. अरविंद गुप्तांच्या साईटवरची पुस्तकं पीडीएफ आहेत, पेनड्राइव्हवर घेतली की शाळेच्या संगणकावर वर्षानुवर्षं राहतील. ‘शैक्षणिक संदर्भ’चे जुने अंकही नेटवर वाचायला मिळतात, ते तुमच्या स्वतःच्या वाचनासाठी.

तुमच्या मुलांच्या घरी ज्या गोष्टी आहेत त्या मात्र नेटवर शोधत बसू नका. कोणत्या रानभाजीला कधी कोंब येतो, कोणता मासा कोणत्या ओहोळात सापडतो, हे त्यांच्या आज्यांना विचारून यायला सांगा आणि मोबाईलवर आवाज भरून आणा. तुमच्याकडे तसं काही जमलं तर मला कळवा, मी ऐकायला तयार आहे. खरंच.

प्रश्न : चांगलं व्याख्यान लावलं की मला हमखास झोप लागते. उपाय?
– पंचवटीहून, नाव छापू नये

उत्तर : झोपून ऐकू नका. फोन खिशात, इयरफोन कानात आणि पाय जॉगिंग ट्रॅकवर. रस्त्याने चालणार असाल तर एकच कान भरा, दुसरा रिक्षांसाठी मोकळा. तरीही झोप आली तर वक्ता बदला. प्रत्येक वेळी दोष ऐकणाऱ्याचाच असतो असं नाही. घाटावरसुद्धा पहिल्या रांगेत डुलक्या काढणारे मी पुष्कळ पाहिलेत, आणि आभारप्रदर्शन सुरू झालं की तेच सगळ्यात आधी टाळ्या वाजवायचे.

पत्र पाठवणाऱ्यांना एक विनंती. गेल्या महिन्यात एका वाचकांनी यूट्यूबची लिंक शाईच्या पेनाने, सुंदर अक्षरात उतरवून पाठवली. त्यातला एक आकडा शून्य आहे की इंग्रजी ‘ओ’, हे मला अजून कळलेलं नाही. कृपया भाषणाचं नाव, वक्त्याचं नाव आणि विषय एवढंच लिहा, बाकी मी शोधते. आणि ते भाषण तुम्हाला कुठे पटलं नाही, तेही एका ओळीत लिहा.